वाचकांचे प्रश्न : पक्षाघातानंतर रुग्णालयातले पहिले दिवस

पक्षाघाताच्या रुग्णाला खाटेवरून केव्हा उठवावे, किती उठवावे आणि कोणी उठवावे, याविषयी या सदराकडे एवढी पत्रे साठली होती की या वेळची सगळी जागा त्यांनाच द्यायचे ठरवले. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत. रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे इथल्या मजकुराहून निराळे असेल, तर त्यांचेच ऐकावे.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६८) शुक्रवारी पहाटे डाव्या अंगाचा पक्षाघात झाला. दोन तासांच्या आत आम्ही त्यांना रुग्णालयात नेले आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले. शनिवारी दुपारी फिजिओथेरपिस्ट आल्या आणि दहा मिनिटे हातपाय हलवून पाहून गेल्या. रविवारी त्यांनी वडिलांना खाटेच्या कडेला जेमतेम पाच मिनिटे बसवले आणि पुन्हा निजवले. माझा आतेभाऊ म्हणतो, परदेशात पहिल्याच दिवशी चालवायला लागतात, आपल्याकडे नुसता वेळ काढतात. उलट आईचे म्हणणे असे की मेंदूला मार बसलेल्या माणसाला निदान पंधरा दिवस हलवूच नये. यांतले खरे काय? — एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमच्या आईंचे मत एके काळी डॉक्टरांचेही होते, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु सतत पडून राहण्याने काय होते ते पुढे हळूहळू लक्षात आले. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पोटरीच्या शिरेत रक्त गोठून ती गुठळी फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो, माकडहाड आणि टाचा यांच्यावर शय्याव्रण पडतात, आणि ज्या पायात जोर आहे त्याचेही स्नायू काही दिवसांत झिजू लागतात. म्हणून 'लवकर उठवा' हे वॉर्डांतले ब्रीद झाले. ते बऱ्याच अंशी योग्यही होते, पण 'लवकर' म्हणजे किती लवकर आणि उठवायचे म्हणजे किती वेळ, हे कोणी नीट मोजले नव्हते.

ते मोजले 'एव्हर्ट' नावाच्या चाचणीने. ऑस्ट्रेलियातील ज्युली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखाली पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर ती झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका गटातल्या रुग्णांना पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत, दिवसातून अधिक वेळा आणि अधिक काळ खाटेबाहेर काढण्यात आले. दुसऱ्या गटाची देखभाल त्या त्या रुग्णालयाच्या नेहमीच्या पद्धतीने झाली. तीन महिन्यांनी पाहता, फारसे परावलंबन न उरलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५० टक्के, तर लवकर आणि जास्त उठवलेल्या गटात ४६ टक्के निघाले. ज्या उपचाराने लाभ होईल अशी सगळ्यांची खात्री होती, त्याने थोडा तोटाच केला होता. तुमच्या आतेभावाला हे जरूर सांगा.

मात्र एवढे ऐकून आईंनी जिंकल्याचे समाधान मानू नये. नेहमीच्या पद्धतीच्या गटातले रुग्ण काही पंधरा दिवस पडून नव्हते. त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिकांना पहिल्या २४ तासांतच उठवले गेले होते. फरक मुख्यतः मात्रेचा होता: एका गटात दिवसाकाठी साधारण ३१ मिनिटे, तर दुसऱ्यात साधारण १०. पुढे याच माहितीची पुन्हा छाननी झाली, तेव्हा असे दिसले की थोडा थोडा वेळ पण दिवसातून अनेकदा उठवलेल्यांची प्रगती चांगली होती आणि एकदम जास्त वेळ उठवलेल्यांची तशी नव्हती. ही मात्रा डोळ्यांपुढे ठेवून तुमच्या वडिलांची दहा मिनिटे आणि पाच मिनिटे पाहा, म्हणजे त्या फिजिओथेरपिस्टबाई वेळ काढत नव्हत्या हे पटेल. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शननंतरचे पहिले २४ तास तर रक्तदाब १८०/१०५च्या खाली आहे ना, डोकेदुखी किंवा गुंगी वाढत नाही ना, यावर सारखी नजर ठेवावी लागते आणि त्यानंतर मेंदूचा पुन्हा स्कॅन होतो. त्या काळात घाई करण्यासारखे काही नसते. पक्षाघात गुठळीमुळे नसून मेंदूतल्या रक्तस्रावामुळे झाला असेल, तर आणखी सबुरी लागते.

असे का होते, याचे स्पष्टीकरण साधारणपणे असे दिले जाते की मृत झालेल्या भागाच्या भोवती मेंदूचा असा एक पट्टा असतो, जो कमी रक्तावर कसाबसा तग धरून असतो. निरोगी मेंदू आपला रक्तपुरवठा स्वतः सांभाळतो, पण या पट्ट्यातली ती व्यवस्था बिघडलेली असते, त्यामुळे उभे राहताच रक्तदाब उतरला तर त्याची झळ त्यालाच आधी बसते. म्हणून पहिल्यांदा बसवताना खाटेचा डोक्याकडचा भाग टप्प्याटप्प्याने वर घेतात, रुग्णाला कुशीवर वळवून पाय खाली सोडतात, घेरी येते का ते विचारतात, आणि आधी व नंतर रक्तदाब पाहतात.

त्या पाच मिनिटांत आणखी एक गोष्ट चाललेली असते, जी नातेवाइकांना दिसत नाही. धड सावरता येते का, रुग्ण दुबळ्या बाजूला कलंडतो की धडधाकट हाताने स्वतःलाच त्या बाजूला ढकलतो, डावीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे त्याचे लक्ष जाते का, हे फिजिओथेरपिस्ट पाहत असते. चालणे सगळ्यांना दिसते म्हणून सगळे त्याचीच वाट पाहतात, पण बसता न येणारा माणूस चालणार नाही. त्यामुळे वडील कधी चालतील हे विचारण्याआधी, ते आधाराशिवाय किती वेळ बसतात हे विचारावे. आता दिवस उलटले आहेत, तब्येत स्थिर असेल, तर हीच बैठक दिवसातून तीन-चार वेळा करता येईल का आणि त्यांतल्या एक-दोन वेळा परिचारिकेच्या देखरेखीखाली तुम्हाला बसवता येईल का, ते विचारा. माझ्या मते या आठवड्यात तुमच्या हातून होणारे सर्वांत उपयोगी काम तेच आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या उजव्या अंगाला पक्षाघात झाला असून त्या अकरा दिवसांपासून रुग्णालयात आहेत. गेल्या तीन-चार दिवसांत उजवा खांदा इतका दुखू लागला आहे की फिजिओथेरपीची वेळ झाली की त्या रडू लागतात. वॉर्डमधले मामा आणि मावशी त्यांना सरकवताना दंडाला धरून, काखेत हात घालून ओढतात. याचा काही संबंध असेल का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : संबंध असण्याची शक्यता बरीच आहे, आणि हे पत्र वाचून मला वाईट वाटले, कारण हे दुखणे पुष्कळदा टाळता येण्यासारखे असते.

खांद्याचा सांधा उथळ आहे. खुब्यात मांडीचे हाड खोल वाटीत बसलेले असते. खांद्यात मात्र मोठा चेंडू लहानशा बशीवर टेकलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवायचे काम भोवतीचे स्नायू करतात. पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत हे स्नायू लुळे असतात, हाताचे सगळे वजन सांध्याच्या वेष्टणावर लोंबकळते, आणि त्याच वेळी कोणी दंडाला हिसका दिला तर ते वेष्टण आणि आतले स्नायुबंध दुखावतात. मग दुखते म्हणून रुग्ण हात हलवत नाही आणि हलवत नाही म्हणून सांधा आखडतो. मामा-मावशींना दोष देऊ नका. तीस खाटांच्या वॉर्डात दोन माणसे असतात आणि खांदा कसा सांभाळायचा हे त्यांना बहुधा कोणी दाखवलेलेच नसते. शिकलेल्यांचेही चुकते. मी नवीन होते तेव्हा लुळ्या हाताला छताच्या कप्पीची दोरी बांधून, धडधाकट हाताने ती ओढायला लावण्याचा व्यायाम सर्रास दिला जाई आणि मीही तो दिला. खांद्याचे पाते सोबत फिरत नसताना हात असा डोक्यावर खेचला गेला की दुखणे वाढते, हे पुढे स्पष्ट झाले. आता तो व्यायाम देऊ नये असेच सांगितले जाते, तरी अजून कुठे कुठे ती कप्पी दिसते.

सासूबाईंना कुशीवर वळवताना एक हात पाठीमागे खांद्याच्या पात्यावर आणि दुसरा कमरेच्या हाडावर ठेवून संपूर्ण धड एकदम फिरवावे. दंड, मनगट, काख यांना धरून ओढू नये. वर सरकवायचे असेल तर अंगाखाली आडवी घडी घातलेली चादर घेऊन दोघांनी दोन बाजूंनी उचलावे. खाटेच्या डोक्याशी एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'उजवा हात ओढू नये' असे लिहून चिकटवा. पाळी बदलली की माणसे बदलतात, कागद बदलत नाही. सलाइनची सुई आणि रक्तदाबाचा पट्टा शक्यतो डाव्या हाताला असावा. उताण्या निजल्या असताना उजव्या खांद्याच्या पात्यापासून बोटांपर्यंत आधार मिळेल अशी उशी ठेवावी, म्हणजे खांदा मागे पडत नाही. डाव्या कुशीवर असताना छातीपुढे जाड उशी घेऊन तिच्यावर उजवा हात पसरावा. उजव्या कुशीवर निजवायलाही हरकत नसते, मात्र खांदा अंगाखाली चिरडला न जाता थोडा पुढे काढलेला असावा. दुखणे फार असेल तेव्हा ही कूस फिजिओथेरपिस्टना विचारूनच द्यावी. कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. खुर्चीत बसल्या की हात मांडीवरून खाली लोंबू न देता समोरच्या टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवावा. गळ्यातली झोळी उभे राहताना आणि चालताना उपयोगी पडते, पण दिवसभर घातल्यास हात छातीशी आखडून बसतो.

फिजिओथेरपी दिवसातून वीस-तीस मिनिटे होते आणि उरलेल्या तेवीस-साडेतेवीस तासांत हात कुठे आणि कसा पडलेला असतो, यावर खांद्याचे पुष्कळसे भवितव्य ठरते. पाच वाजता भेटायला येणाऱ्यांनी नुसते बसून राहण्यापेक्षा उशा बघाव्यात. दुखणे आजच डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण रडत रडत केलेल्या व्यायामाचा उपयोग होत नाही. वेदना आटोक्यात आणण्याचे औषध आधी आणि व्यायाम त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, अशी वेळ जुळवता येते.

प्रश्न : वडिलांना दाखल केल्याच्या दिवशीच संध्याकाळी मी घरून चहा नेला आणि चमच्याने पाजला. सिस्टर माझ्यावर फार रागावल्या. इतके काय चुकले? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : सिस्टरांचे बरोबर होते. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही दुबळे पडलेले असू शकतात, आणि अशा रुग्णाला घट्ट पदार्थापेक्षा पातळ पाणी किंवा चहा श्वासनलिकेत जाण्याचा धोका जास्त असतो. कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही. दोन दिवसांनी ताप येतो तेव्हा कळते. म्हणून गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो, औषधाची गोळीही नाही. चाचणीनंतर देता येऊ लागले, तरी पाठ ताठ करून बसवूनच भरवावे आणि नंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे.

प्रश्न : भावाच्या (वय ५१) डाव्या हातात काहीच हालचाल नाही. आम्ही स्पंजचा चेंडू आणून दिला आहे. हात परत येईल का, हे डॉक्टर स्पष्ट सांगत नाहीत. — एक वाचक, ठाणे

उत्तर : डॉक्टर टाळत नसावेत, पहिल्या दिवशी ते सांगणे कठीणच असते. पण दोन-तीन दिवसांत काही खुणा मिळू लागतात. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की पक्षाघातानंतर दुसऱ्या दिवशी ज्यांना बोटे थोडी तरी उघडता येत होती आणि खांद्यातून हात किंचित तरी बाजूला नेता येत होता, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी थोडेफार कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के होती. या दोन्ही हालचाली नसणाऱ्यांच्या बाबतीत ती शक्यता २५ टक्के होती. ती शून्य नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

यातली नेमकी खूण बघा: बोटे मिटणे नव्हे, उघडणे. मूठ वळणे बहुतेकांना आधी जमते आणि पुढे स्नायूंत ताठरपणा आला की तीच मूठ उघडेनाशी होते. त्यामुळे हालचाल नसलेल्या हातात चेंडू कोंबून 'दाब, दाब' म्हणण्याच्या मी विरुद्ध आहे. चेंडू घरी ठेवा. त्याऐवजी हात टेबलावर पालथा ठेवून, भावाला त्याकडे बघत बोटे वर उचलण्याचा प्रयत्न दिवसातून अनेकदा करू द्या, आणि बोट नुसते थरथरले तरी ते फिजिओथेरपिस्टना सांगा. डाव्या अंगाच्या पक्षाघातात रुग्णाचे डाव्या बाजूकडचे लक्षच उडालेले असू शकते, म्हणून भेटायला गेल्यावर डावीकडे बसा आणि तो हात हातात घेऊन बोला. हात फार करून पहिल्या तीन महिन्यांत वेगाने सुधारतो, नंतर गती मंदावते. पण सहा महिने झाले की दार बंद, असे जे सांगितले जाते ते खरे नाही.

प्रश्न : आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पॅरालिसिसवर मालिश करतात. त्यांच्याकडे तेल आणि पारव्याचे रक्त लावतात. रुग्णालयातून लवकर डिस्चार्ज घेऊन तिकडे न्यावे का? — एक वाचक, विरार

उत्तर : नाही. बिघाड मेंदूत आहे, कातडीत नाही, आणि पारव्याच्या रक्ताने त्या बिचाऱ्या पारव्याखेरीज कोणाच्याही प्रकृतीत फरक पडत नाही. हलक्या हाताने तेल लावल्याने बरे वाटते, ते घरी कोणीही लावावे. परंतु पायाच्या शिरेत गुठळी असेल, तर पोटरी रगडणे जिवावर बेतू शकते. आणि खरे नुकसान निराळेच होते: ज्या दिवसांत मेंदू सर्वांत वेगाने नव्याने शिकतो, ते दिवस निजून मालिश करून घेण्यात जातात. रुग्णाने स्वतः प्रयत्न केलेला नाही तो व्यायाम नव्हे.

प्रश्न : बाबांना पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहेत. मी फोर्टमध्ये नोकरी करतो, आई घरी असते. रोज फिजिओथेरपिस्टला घरी बोलावणे परवडणार नाही. आम्हीच सगळे शिकून घेतले तर चालेल का? आमची चाळ जुनी आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि संडास गॅलरीच्या टोकाला सामाईक आहे. — एक वाचक, गिरगाव

उत्तर : हा प्रश्न आपल्या देशात इतक्या घरांचा आहे की त्यावर एक मोठी चाचणीच झाली. 'अटेंड' नावाच्या त्या चाचणीत भारतातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना रुग्णालयातच व्यायाम आणि देखभाल शिकवून, पुढे घरी जाऊनही मार्गदर्शन केले; उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. २०१७मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. मी स्वतः अनेक वर्षे नातेवाइकांना शिकवत आले, त्यामुळे हा निकाल पचवायला मला जड गेला. त्यावरून मी एवढाच बोध घेतला की घरच्या माणसांना शिकवणे आवश्यक आहे, पण त्यांना फिजिओथेरपिस्टच्या जागी बसवणे हा उपाय नव्हे. रुग्ण बदलतो तसा व्यायाम बदलावा लागतो, आणि तो कधी व कसा बदलायचा हे ठरवायला जाणकार नजर लागते.

म्हणून रोज नाही, तरी आठवड्यातून एक-दोनदा ती नजर मिळेल अशी व्यवस्था करा. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा बाह्यरुग्ण विभाग असतो. देशातले फिजिओथेरपीचे अगदी सुरुवातीचे शिक्षण परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५०च्या दशकात सुरू झाले, ती परंपरा आपल्या शहरातच आहे. हाजीअलीजवळची, १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था तुमच्या घरापासून फार लांब नाही. तिथे व्यायामाबरोबर पावलासाठी लागणारा आधारपट्टा वगैरे साधनांचाही विचार होतो. घरी येणाऱ्या व्यक्तीला राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका.

आता घराचे. सामाईक संडासापर्यंत रोज जाणे सुरुवातीला जमणार नाही, तेव्हा कमोडची खुर्ची भाड्याने किंवा विकत घेऊन ठेवा. ती खाटेच्या कोणत्या बाजूला ठेवायची हे रुग्णालयातच विचारा. बहुधा बाबांच्या धडधाकट बाजूला सोयीची पडते. खाट आणि खुर्ची यांची उंची शक्य तितकी सारखी ठेवा. आई एकट्या असणार, म्हणून खाटेवरून खुर्चीवर नेण्याची कृती त्यांनी नुसती पाहू नये, डिस्चार्जच्या आधी फिजिओथेरपिस्टसमोर दोन-तीनदा स्वतः करून दाखवावी, आणि त्यांची स्वतःची कंबर वाचेल अशा रीतीने.

तीन मजल्यांचा जिना हा मात्र सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याची तालीम रुग्णालयातच व्हायला हवी. चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, एवढे बहुतेकांना सांगितले जाते. पण जुन्या चाळींत कठडा पुष्कळदा एकाच बाजूला असतो. चढताना जो हात कठड्यावर असतो, त्याच्या विरुद्ध हात उतरताना त्या बाजूला येतो. तो दुबळा हात असेल, तर उतरताना धरायला काही उरत नाही आणि अशा वेळी काही रुग्णांना कठडा धडधाकट हाताने धरून पाठमोरे उतरायला शिकवतात. आज संध्याकाळी घरी गेलात की जिन्याचा आणि कठड्याचा मोबाइलवर फोटो काढा, पायऱ्या मोजा, मध्ये टेकायला स्टूल ठेवता येईल असा टप्पा कुठे आहे ते पाहा, आणि उद्या तो फोटो फिजिओथेरपिस्टना दाखवा.